खटपट्या क्रीडामित्र

जुन्या पूर्व जर्मनीतल्या महिला फुटबॉल संघाचा एखादा फोटो घ्या. मागे सहाजणी उभ्या, पुढे पाचजणी एका गुडघ्यावर, मधोमध चेंडू. आणि टोकाला, आपण फोटोत यावं की नाही हे ठरायच्या आतच कॅमेऱ्यात सापडलेला एक पुरुष. ट्रॅकसूटची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली, पोट आत घेतलेलं, खांद्यावर चेंडूंची जाळी. खाली सगळ्या बायकांची नावं असतील, याचं असेलच असं नाही. दिवसा हा कुठे बॉयलरवरचा फोरमन, कुठे स्टोअरकीपर, कुठे वीजकेंद्रातला इंजिनिअर. संध्याकाळी 'विभागप्रमुख, महिला फुटबॉल'. सरकारी पत्रात त्याला 'क्रीडामित्र' म्हणायचे. आपल्याकडे या जातीच्या माणसाला खटपट्या म्हणतात आणि तो नसेल तर गल्लीतल्या गणपतीला वेळेवर मांडव मिळत नाही.

हा असा एकच माणूस नव्हता, गावोगावी होता. मी सगळ्यांचा मिळून एक केला आहे. त्याची हरकत नसावी. सामुदायिक मालकीची त्याला सवय आहे.

तिथली व्यवस्था अशी, की खेळ कारखान्याच्या दारात. प्रत्येक मोठ्या उद्योगाची आपली क्रीडासंस्था आणि नावावरूनच कळायचं, की चहा कोण पाजतो. रेल्वेवाल्यांची 'लोकोमोटिव्ह', रसायनवाल्यांची 'शेमी', शेतीवाल्यांची 'ट्राक्टर', यंत्रवाल्यांची 'मोटोर', युरेनियमच्या खाणीवाल्यांची 'विस्मुट', वीजवाल्यांची 'टुर्बिने'. मुंबईत मफतलाल आणि ऑर्के मिल्सचे फुटबॉल संघ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की तिथे मिलचा मालकही सरकार आणि पंचांचा मालकही सरकारच.

या सरकारला पदकांची भूक मोठी. १९६९ साली पक्षाने ठरवून टाकलं, की पैसा ऑलिंपिक पदकं देणाऱ्या खेळांवर. पोहणं, ॲथलेटिक्स, रोइंग यांची चंगळ झाली. बास्केटबॉल, हॉकी, वॉटरपोलो यांसारखे एका संघाला एकच पदक देणारे खेळ हिशेबात बसेनात, त्यांचं रेशन तोडलं. बायकांचा फुटबॉल तर ऑलिंपिकमध्ये १९९६ सालापर्यंत नव्हताच. तेव्हा तो 'मनोरंजन आणि विश्रांती' या खात्यात गेला, भाजीपाल्याच्या बागकामाच्या शेजारी.

दुसरा कोणी असता तर खचला असता. क्रीडामित्राला मात्र यात सोय दिसली. ज्या खेळाकडे बर्लिनचं लक्ष, त्या खेळात डॉक्टर येतात, गोळ्या येतात, वजनकाटे येतात आणि मागोमाग कोपऱ्यात बसून टिपणं घेणारा माणूस येतो. आपल्याकडे कोणी येत नाही. पश्चिमेकडच्या फुटबॉल महासंघाने १९५५ साली बायकांच्या फुटबॉलवर चक्क बंदी घातली होती, ती उठली १९७० साली. पूर्वेत बंदी नव्हती, पाठिंबाही नव्हता. फाइलवर शेरा जणू एकच : हरकत नाही. आणि ज्या फाइलवर 'हरकत नाही' लिहिलंय, तिच्यावर खटपट्या माणूस आयुष्य काढतो. ड्रेस्डेनमध्ये १९६८ साली एका बल्गेरियन विद्यार्थ्याने मुली जमवून पहिला संघ काढला. १९७१च्या सुरुवातीला पोट्सडामच्या वीज उद्योगात सूचनाफलकावर चिठ्ठी लागली, की बायकांचा फुटबॉल संघ काढतोय, इच्छुकांनी नावं द्यावीत. चिठ्ठी लागली ती नववर्षाच्या पार्टीतल्या गप्पांमधून, असं सांगतात. पार्टीत काय घेतलं होतं हे कोणी सांगत नाही.

चिठ्ठीनंतर डायरेक्टरची सही. डायरेक्टर चष्म्यावरून बघतो. बायका? फुटबॉल? क्रीडामित्र तयारीनेच आलेला असतो.

"कॉम्रेड डायरेक्टर, समाजवादात स्त्री क्रेन चालवते. चेंडू क्रेनपेक्षा हलका असतो."

सही होते. याच्या उत्तरात तर्क किती होता हा प्रश्न नाही. उत्तर कागदावर नोंदवण्याजोगं होतं, ते महत्त्वाचं. शिवाय तिथल्या प्रत्येक कामगार तुकडीची एक वही असे, तिच्यात सामूहिक सहली, नाटकं, व्याख्यानं यांची फोटोसकट नोंद ठेवायची. वही जाडजूड झाली तर तुकडीला 'समाजवादी श्रमाचं सामूहिक' ही पदवी आणि पदवीबरोबर थोडा बोनस. एका संग्रहालयात जाऊन जे एक पान भरतं, त्याऐवजी फुटबॉलची अख्खी स्पर्धा चिकटवली की वहीचं वजन वाढलंच. फोरमनला बोनस, डायरेक्टरला अहवाल, बायकांना मैदान. तीन पक्षी, आणि दगड कारखान्याचा.

आता बुटांचं. दुकानात पुरुषांचे मोठे बूट असत, शाळकरी पोरांचे छोटे असत. राष्ट्रीय योजनेत ३७ नंबरच्या पायाने फुटबॉल खेळणारी व्यक्ती गृहीत धरलेली नव्हती. क्रीडामित्र दुकानात जातो. मॅनेजरीण म्हणते, नाहीत. हे ऐकून परत फिरतो तो सामान्य गिऱ्हाईक. हा काउंटरवर कोपर टेकतो आणि विचारतो, "बागेतल्या झोपडीचं काम कुठवर आलंय?" काम न्हाणीघराच्या टाइल्सपाशी अडलेलं असतं. ज्याच्याकडे टाइल्स आहेत त्याच्या ट्राबांटला सायलेन्सर हवा असतो. नवी ट्राबांट मिळायला दहा वर्षांहून जास्त थांबावं लागत असल्यामुळे जुनीच्या प्रत्येक नटबोल्टला वारसाहक्क होता. सायलेन्सरवाल्याला ऑगस्टमध्ये बाल्टिकच्या किनाऱ्यावर कामगार संघटनेची सुट्टीची खोली हवी. खोल्यांचं वाटप करणारी बाई याच्याच कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर बसते, आणि तिची मुलगी संघाची गोलकीपर आहे.

गोलकीपर म्हणून पोरगी बेताचीच. उजव्या बाजूने आलेला प्रत्येक चेंडू ती आदराने जाऊ देते. पण तिला बसवली तर खोली जाते, खोली गेली तर सायलेन्सर, सायलेन्सर गेला तर टाइल्स, आणि मग उरलेल्या दहाजणी अनवाणी. तेव्हा क्रीडामित्र सरावात बचावफळीला बजावून ठेवतो, "पोरींनो, उजवीकडून कोणाला येऊच द्यायचं नाही." पोरी या सूचनेचा व्हायचा तो राजकीय अर्थ काढून हसतात. हसू दाबून गोल वाचवण्याची कला पूर्व जर्मनीत पोसली ती अशी.

याला बायकांच्या प्रश्नाची मोठी जाण आहे, अशी याची समजूत. बायकांना महिन्यातून एक दिवस घरकामासाठी भरपगारी सुट्टी मिळे. ती सुट्टी सगळ्याजणींनी एकाच दिवशी घ्यावी आणि सकाळपासून सराव करावा, ही कल्पना याचीच. घरकामाचं काय, हे त्याला सुचत नाही. पाळणाघर कारखान्याचं, तेव्हा मुलांचा प्रश्न सुटलेला. ८ मार्चला पुरुष मंडळी कॉफी-केक वाढतात, हातात एकेक कार्नेशनचं फूल देतात आणि मग प्रदर्शनीय सामना होतो, त्यात ऑफिसातले साहेब लोक ढेरी सांभाळत बायकांकडून हरतात. संध्याकाळी हा अकरा जर्सी आणि अकरा चड्ड्या बोचक्यात बांधून घरी नेतो. घरी बायको असते. स्वयंपाकघरात 'डब्ल्यूएम ६६' हे वॉशिंग मशीन असतं, जे धुतं खूप पण पिळत नाही. बाल्कनीत चिखलाचे डाग न गेलेला अख्खा संघ वाळत पडतो.

"तुझा समाजवाद माझ्या मनगटावर चाललाय," बायको म्हणते.

हे वाक्य तेवढं तुकडीच्या वहीत चिकटवायचं राहून गेलं.

स्पर्धांचीही गंमत. १९७९पासून देशभरातले संघ एकत्र येऊन विजेता ठरवू लागले, पण त्याला अजिंक्यपद म्हणायचं नाही, 'सर्वोत्तमांची निवड' म्हणायचं. अजिंक्यपद म्हटलं की अनुदान आलं, अनुदान आलं की विषय पदकांपर्यंत गेला. पोट्सडामच्या टुर्बिनेने ही निवड सहा वेळा जिंकली. याच्या संघाचा नंबर बहुतेक पाचवा-सहावा. त्याचं याला दुःख नाही. जिंकण्यापेक्षा पोचण्यात त्याची हुशारी लागते. 'बस संग्रहालय-भेटीसाठी' असा अर्ज, चेंडूंच्या जाळीवर टाकलेलं ब्लँकेट, डिकीत ड्रायव्हरसाठी राडेबर्गर बिअरच्या दोन बाटल्या. राडेबर्गर साध्या दुकानात सहसा दिसायची नाही. ती त्याला कुठून मिळायची, हे सांगत बसलो तर पुन्हा गोलकीपरपाशी येऊ.

१९८९चा उन्हाळा संपता संपता हंगेरीची सीमा उघडली आणि याची लेफ्ट विंगर सुट्टीवर गेली ती परत आली नाही. पाठोपाठ मधली फळी विरळ झाली. ९ नोव्हेंबरला भिंत पडली. दुसऱ्या दिवशी सरावाला चारजणी आल्या. बाकीच्या पश्चिम बर्लिनमध्ये दुकानांच्या काचांना नाक लावून उभ्या होत्या. त्यानेही मग जाळी कपाटात ठेवली आणि काचेला नाक लावायला गेला.

आणि मग त्या देशाला एकाएकी आठवलं, की आपल्याकडे बायकांचा राष्ट्रीय संघ नाही. आधी पन्नास कारणं होती, आता कारणं देणारे साहेबच खुर्चीवर नव्हते. भिंत पडल्यापासून बरोबर सहा महिन्यांनी, ९ मे १९९० रोजी, पोट्सडाम-बाबेल्सबर्गच्या कार्ल लीबक्नेख्त मैदानावर जर्मन लोकशाही प्रजासत्ताकाचा महिला संघ चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध उतरला. राष्ट्रगीत वाजलं. संघ ३-० असा सपाटून हरला. तो त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना आणि शेवटचाही. पुरुषांना निदान निरोपाचा विजय मिळाला, १२ सप्टेंबरला ब्रुसेल्समध्ये बेल्जियमवर २-०. बायकांना एकच तिकीट, तेही जाण्याचं. ऑक्टोबरच्या ३ तारखेला देशच उरला नाही. पाहुण्या संघाचा देशही त्या सामन्यानंतर अडीच-पावणेतीन वर्षंच टिकला. म्हणजे त्या मैदानावरच्या बावीसही जणी मोडकळीला आलेल्या घरांच्या वतीने खेळत होत्या, पण घाम मात्र खरा होता. क्रीडामित्र प्रेक्षकांत होताच. त्याच्या संघातली एकही निवडली गेली नव्हती. तरी तो राष्ट्रगीताला ताठ उभा राहिला, आणि मध्यंतरात निवड समितीतल्या एकाला गाठून विचारलं, "हे नवे बूट कुठून मिळवलेत?"

१ जुलैला पश्चिमेचा मार्क आला. पगार एकास एक बदलून मिळाला. एका रात्रीत दुकानांतलं जुनं सामान गायब, फळ्यांवर सगळं नवं. हा पश्चिमेकडच्या गावात खेळाच्या दुकानात शिरला. ३६, ३७, ३८, भिंतभर बूट. कोणी रांगेत नाही. यातले विकायचे कुठले आणि मांडायचे कुठले, असं त्याने विचारलं. विक्रेता गोंधळला. मग याने आयुष्यभराच्या सवयीने काउंटरवर कोपर टेकलं, इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले थुरिंगियाचे सॉसेज काढले आणि पुढे सरकवले. विक्रेत्याने प्रेमाने आभार मानले, सॉसेज ठेवून घेतले आणि अकरा जोडांचं पूर्ण बिल लावलं.

इथून पुढे क्रीडामित्राचं गाडं अडलं. पूर्वी पैसे होते आणि वस्तू नव्हत्या. वस्तू नसल्या तर माणसं लागतात आणि माणसं त्याच्याकडे रग्गड होती. आता वस्तू होत्या, पैसा नव्हता आणि पैसा कुणाच्या ओळखीने येईना. ट्रॉयहँड नावाच्या सरकारी संस्थेने हजारो कारखाने विकायला किंवा बंद करायला काढले. नव्या मालकाने ताळेबंद उघडला. त्यात बॉयलर, जमीन, कर्ज आणि 'महिला फुटबॉल' अशी एक ओळ. त्याने पेन्सिलीने कुठल्या ओळीवर काट मारली हे सांगायला नको. पाळणाघराची ओळ तिच्या खालीच होती. बायकांच्या फुटबॉलकडे जुन्या राजवटीने दुर्लक्ष केलं होतं, नव्यानेही केलं. पण जुनं दुर्लक्ष फुकट होतं. या दुर्लक्षात मैदानाचं भाडं, बसचं भाडं आणि दिव्यांचं बिल दरमहा पोस्टाने येऊ लागलं.

आता संस्थेची नोंदणी हवी. त्याचा समज असा, की साहेबगिरी गेली, कागदपत्रं गेली. आधी डायरेक्टरची एक सही पुरायची. आता कायद्याप्रमाणे निदान सात सभासद, लेखी घटना, निवडलेलं कार्यकारी मंडळ, नोटरीचा शिक्का, न्यायालयाच्या नोंदवहीत नाव आणि शिवाय संस्था नफ्यासाठी नाही असं कर कार्यालयाला पटवून देणं. हे शेवटचं सगळ्यात सोपं गेलं. कर अधिकाऱ्याने गल्ल्याची वही पाहिली आणि काही न बोलता शिक्का मारला.

मग प्रायोजक. जुन्या गाड्या विकणारा एकजण गावात आला होता. पश्चिमेतल्या भंगारात जाणाऱ्या गाड्या पूर्वेत खपत होत्या, तेव्हा त्याच्या खिशात पैसे होते. त्याने विचारलं, "सामन्याला किती लोक येतात?"

क्रीडामित्राने चाळीस वर्षं आकड्यांचे अहवाल वर पाठवले होते. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "उद्दिष्टाच्या एकशे वीस टक्के."

"उद्दिष्ट किती?"

हा प्रश्न त्याला हयातीत कोणी विचारला नव्हता.

पैसे मिळाले नाहीत, पण गाडीवाल्याने जर्सीचा एक संच दिला. पाठीवर त्याचा फोन नंबर एवढा मोठा, की खेळाडूंचे क्रमांक कोपऱ्यात सरकले आणि पंचाने एकीला कार्ड दाखवून वहीत फोन नंबर टिपला. क्रीडामित्र मात्र खुलला. वस्तू मिळाली म्हणजे जग अगदीच बदललेलं नाही. त्यात त्याला कोणीतरी सांगितलं, की पश्चिम जर्मनीच्या बायकांनी १९८९ साली युरोपीय अजिंक्यपद जिंकलं तेव्हा त्यांच्या महासंघाने प्रत्येकीला बक्षीस म्हणून फुलाफुलांचा कॉफी-सेट दिला. याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. कपबशा! म्हणजे भांडवलशाहीतही हिशेब वस्तूंतच होतो. "आपण उगीच घाबरत होतो," तो बायकोला म्हणाला. बायकोने विचारलं, कप कोणी विसळायचे.

संघाची दशा मात्र कप विसळण्याच्याही पलीकडे गेली होती. पूर्वी कामाची पाळी असल्यामुळे सरावाला यायला जमायचं नाही. आता कामच गेल्यामुळे सगळ्या मोकळ्या होत्या आणि तरी कोणी यायचं नाही. कामगार कपातीत बायकांचा नंबर आधी लागला. दोघी श्टुटगार्टला गेल्या. एकीने नर्सिंगचा कोर्स धरला, एक रोज पहाटे गाडीने पश्चिमेला कामाला जाई आणि रात्री येई. गोलकीपर विमा विकू लागली आणि उजव्या बाजूने आलेलं एकही गिऱ्हाईक तिने सोडलं नाही. खुद्द क्रीडामित्राला कारखान्याने घरी बसवलं. मग रोजगार कार्यालयाच्या योजनेतून, इतकी वर्षं फुकट केलेलं काम करण्यासाठी त्याला वर्षभर पगार मिळाला. योजना संपल्यावर तो पुन्हा तेच काम फुकट करू लागला.

घोडं पुढे नेलं ते लेफ्ट बॅकने. ती आधी क्रेनवर होती. सरकारी पुनर्प्रशिक्षणात कॉम्प्युटर आणि हिशेब शिकली, आणि सभासदांनी तिला खजिनदार केलं. तिने पहिल्याच बैठकीत पावत्या मागितल्या. याने पावत्या म्हणून जे सांगितलं त्यात टाइल्स होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही जी खटपट करायचात ना, तिला आता करचुकवेगिरी म्हणतात."

त्याला वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. आपण बायकांना पुढे आणलं ते याचसाठी, असं त्याने दोन दिवसांनी ठरवलं. तिने बँकेत जाऊन बारा मिनिटांत जेवढे पैसे आणले, तेवढे त्याला दोन हंगामांत जमले नव्हते. ती क्रेनची सवय असणार, वर बसून खालचं सगळं दिसतं.

बहुतेक गावांतले संघ तरी विझले. कुठे पुरुषांच्या क्लबात मिसळले, कुठे जाळीच तेवढी कपाटात राहिली. एका ठिकाणी मात्र जमलं. पोट्सडामला चिठ्ठीच्या काळापासून प्रशिक्षक होते बेर्न्ट श्र्योडर, वीज उद्योगातले इंजिनिअर, एके काळचे गोलकीपर. ते २०१६पर्यंत ठाण मांडून होते. टुर्बिने १९९४ साली बुंडेसलिगात चढली, २००४ साली जर्मनीची विजेती झाली, २००५ साली युरोपची आणि २०१०मध्ये महिलांची चॅम्पियन्स लीगही घेऊन आली. वीजवाल्यांचं नाव तेवढं अजून कायम आहे. तिकडे पाहून आमचा क्रीडामित्र म्हणतो, "त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांना गोलकीपर बदलता आली."

पुढे तो पोट्सडामला एक सामना बघायला गेला होता. समोर वोल्फ्सबुर्ग, तेव्हाचे युरोपविजेते. त्यांचं सामान उतरवायला दोन माणसं, मसाजला वेगळा माणूस, चेंडूंच्या तीन जाळ्या. सामना एकतर्फीच झाला. याने शेजारच्या पोराला विचारलं, "यांचा मालक कोण?"

"फोक्सवागन. शंभर टक्के."

"मोटारीचा कारखाना?"

"हो. लेव्हरकुसेनचा संघ तसाच औषधवाल्या बायरचा."

म्हातारा बराच वेळ मैदानाकडे बघत राहिला. मग उठून पुढच्या बाकावरच्या अनोळखी लोकांनासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मोटोर वोल्फ्सबुर्ग! अहो, कारखान्याचाच संघ आहे हा! मग आमचा कशाला मोडलात?"

"खाली बस," बायको म्हणाली. "आणि यांच्यात जर्सी कोण धुतं ते विचार."